धूळपाटी ते टॅब : शाळेतील साधने आणि मुलांचे हात

जिल्हा परिषदेच्या एखाद्या जुन्या शाळेतील लोखंडी कपाट उघडून पाहिले, तर त्या गावाच्या शिक्षणाचा इतिहास थरांनी रचलेला दिसतो. सर्वांत खाली गुंडाळलेले नकाशे आणि कापडी तक्ते असतात. त्यांच्यावर विज्ञानपेटी, तिच्यातील भिंगे आलेल्या दिवसाच्या कागदात तशीच गुंडाळलेली. मग ध्वनिफितींचा संच, आणि पुढच्या बाजूस, हाताशी येईल असा, एखादा टॅब किंवा प्रोजेक्टर. बंद पडलेला दूरचित्रवाणी संच कपाटात मावत नाही म्हणून वर ठेवलेला असतो. यांतील प्रत्येक वस्तू कोणत्या ना कोणत्या योजनेतून आलेली असते आणि प्रत्येकीची जडसंग्रह नोंदवहीत रीतसर नोंद असते. यांपैकी कोणत्या वस्तूला मुलांचे हात लागले, याची नोंद मात्र कोठेच आढळत नाही.

शैक्षणिक साधनांचा इतिहास बहुधा शोधांच्या क्रमाने सांगितला जातो. आधी पाटी, मग फळा, मग रेडिओ, मग संगणक. आणि प्रत्येक नवे साधन आधीच्यापेक्षा सरस, असे त्यात गृहीत धरलेले असते. महाराष्ट्रातील शाळांचा गेल्या दोनशे वर्षांचा अनुभव इतका सरळ नाही. साधन किती नवे यापेक्षा ते कोणाच्या हाती राहिले, या प्रश्नाचे उत्तर त्या अनुभवात अधिक स्पष्टपणे मिळते.

धूळपाटी आणि पंतोजी

इंग्रजी अमलापूर्वी आणि त्यानंतरही कित्येक वर्षे गावोगावी ज्या शाळा चालत, त्या पंतोजींच्या शाळा म्हणून ओळखल्या जातात. देवळाची ओवरी, एखाद्या वाड्याची पडवी किंवा गावची चावडी हीच त्यांची इमारत. धूळपाटी हे तेथील पहिले साधन. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरावयाची, तीवर पंतोजींनी अक्षर काढून द्यावयाचे आणि मुलाने ते बोटाने किंवा काडीने पुनःपुन्हा गिरवावयाचे. अक्षर चुकले की फळी हलवली, धूळ सारखी झाली, पुन्हा आरंभ. चुकीला खर्च नव्हता, कारण धुळीला किंमत नव्हती. हात वळल्यानंतरच बोरू आणि कागद मुलाच्या हाती येई, कारण कागद महाग होता. मोडीचे वळणदार अक्षर ही तेव्हा पोटापाण्याची विद्या होती.

दुसरे साधन तर दिसतही नसे, ते जिभेवर असे. तीसपर्यंतचे पाढे झाले की मुलगा पावकी, निमकी, पाऊणकीकडे वळे. तेथून सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा : दोन औटे सात, तीन औटे साडेदहा. आजच्या मुलास हा निव्वळ घोकंपट्टीचा जुलूम वाटेल, आणि त्यात जुलूम होता हेही खरे. परंतु ज्या बाजारात रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होते, जेथे शेर, पायली आणि मण यांत व्यवहार चाले, तेथे पाव, पाऊण आणि दीड हेच रोजचे अंक होते. औटकी येणाऱ्या माणसाला वाण्याचा हिशेब डोळे मिटून तपासता येई. १ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक वजने आणि मापे आली, आणि एका पिढीच्या आत हे सारे पाढे आजोबांच्या आठवणीत जाऊन बसले. शाळेतील साधन शाळेबाहेरच्या व्यवहाराने कसे ठरते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यावाचनाची ‘वीस एक’ ही नवी पद्धत आली तेव्हा जो गदारोळ उठला, त्यामागेही अंक जिभेवर कसे बसतात याविषयीची हीच जुनी आस्था होती.

पंतोजींच्या शाळेचे गोडवे गाणाऱ्यांनी तिची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. तेथील छडी प्रसिद्धच आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुली आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले यांना त्या ओवरीवर जागा नव्हती. धूळ फुकट होती, पण ती सर्वांसाठी नव्हती.

मद्रासची वाळू लंडनमार्गे मुंबईस

धूळपाटीची एक हकिकत फारशी सांगितली जात नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासजवळील एग्मोर येथील मुलांच्या अनाथालयाचे अधीक्षक अँड्र्यू बेल यांनी तेथील देशी शाळेतील मुले वाळूवर बोटाने अक्षरे काढताना पाहिली. ही रीत त्यांनी आपल्या शाळेत आणली आणि मोठ्या मुलांनी लहानांना शिकवावयाची पद्धतही तीस जोडली. १७९७ साली त्यांनी याविषयी पुस्तिका प्रसिद्ध केली. त्याच सुमारास लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर यांनी अशाच धर्तीवर गरिबांच्या मुलांसाठी शाळा चालविली. तेथे आरंभीची मुले वाळूच्या तबकांत अक्षरे गिरवीत आणि पुढे दगडी पाट्यांवर लिहीत. मुंबईत १८२२ साली शाळा आणि शालेय पुस्तके यांसाठी जी संस्था स्थापन झाली आणि जी पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी म्हणून ओळखली गेली, तिने हीच लँकेस्टरची पद्धत स्वीकारली. म्हणजे मद्रासच्या वाळूत पाहिलेली रीत विलायतेस जाऊन, विलायती नाव घेऊन, परत आली. याच संस्थेच्या छत्राखाली शिळाप्रेसवर मराठी शालेय पुस्तके छापली जाऊ लागली आणि सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांच्यासारख्यांनी मुलांसाठी मराठी गद्य घडविले.

दगडी पाटी ही धूळपाटीचीच थोरली बहीण. तिच्यावरचे पुसता येते, ती मुलाच्या मांडीवर बसते, आणि शिक्षकाला एका नजरेत वर्गातील सर्वांचे उत्तर दिसते : ‘पाट्या वर करा’ म्हटले की झाले. लाकडी चौकटीच्या पाटीचा कोपरा फुटला तरी ती धाकट्या भावंडाकडे जाई, मग कधी पत्र्याच्या पाटीने तिची जागा घेतली. ओल्या फडक्याने पुसावी अशी शिकवण, थुंकीने पुसावी असा रिवाज. पेन्सिल खाणारी मुले तर प्रत्येक वर्गात असत.

या पेन्सिलीविषयी येथे थोडे विषयांतर आवश्यक आहे. मुलांच्या हातातील ही सर्वांत स्वस्त वस्तू मुख्यतः मध्य प्रदेशातील मंदसौर भागात तयार होई. दगड कापताना उडणारी बारीक धूळ कामगारांच्या फुप्फुसांत साठून त्यांना सिलिकोसिस हा असाध्य रोग जडत असे, आणि तो इतक्या मोठ्या प्रमाणावर आढळला की, १९८२ साली त्या राज्यास पाटीपेन्सिल कामगारांच्या कल्याणासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. शाळेतील धूळ निरुपद्रवी आणि कारखान्यातील जीवघेणी; साधनांच्या किमतीचा विचार करताना ही दुसरी धूळही हिशेबात धरावयास हवी.

फळ्यामागचे डबे

फळा आला आणि वर्गाची रचना बदलली. पाटी मुलाकडे होती, फळा भिंतीवर होता. एक लिहिणार, चाळीस जण पाहणार. मोठ्या वर्गाला एकाच वेळी शिकवण्याची ही सोय इतकी मोठी होती की, फळ्याशिवाय शाळा ही कल्पनाच पुढे अवघड झाली. खेड्यातील शाळांत तो काळा ठेवण्याचे काम मुलांकडे असे. कोळसा आणि पाल्याचा रस, किंवा विजेरीच्या जुन्या सेलमधील काळी पूड लावून शनिवारी फळा सारवला जाई. घंटेच्या जागी टांगलेला रुळाचा तुकडा, सारवलेली जमीन आणि असा काळा केलेला फळा, इतक्या भांडवलावर शेकडो शाळा चालल्या.

मात्र फळ्यापर्यंत कोण जाऊ शकतो, हा प्रश्न या भांडवलाने सुटत नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९०० साली साताऱ्याच्या शाळेत प्रवेश घेतला. वर्गात त्यांना वेगळे, गोणपाटावर बसावे लागे, आणि ते गोणपाट रोज घरून आणून रोज घरी न्यावे लागे, कारण शाळेचा नोकर त्यास शिवत नसे; हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. पुढे मुंबईस एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये घडलेला एक प्रसंग त्यांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदविला आहे. शिक्षकांनी गणित सोडविण्यास त्यांना फळ्याजवळ बोलावले तेव्हा वर्गात एकच गलका झाला. सवर्ण मुले आपले जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवीत असत. फळ्याला त्यांचा हात लागण्यापूर्वी डबे हलविण्यासाठी मुले धावली. खडू तोच होता आणि फळाही तोच होता.

या इतिहासात साधनांपेक्षा दारे उघडणारी माणसे अधिक मोठी ठरतात ती यामुळेच. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. मोडी व बालबोध लेखनवाचन, हिशेब, शेतीचे आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान शाळेत असावे असे त्यांनी सुचविले, आणि शिक्षक शेतकरी वर्गातून निवडलेले, गरज पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरू शकणारे असावेत, असेही म्हटले. शिक्षकाच्या हातांविषयी इतक्या नेमकेपणाने बोलणारे निवेदन त्या काळी विरळाच. कोल्हापूर संस्थानात छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, आणि मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्या कारभारात आल्या.

पुस्तकांची गोष्ट थोडक्यात सांगता येते. पूर्वी आचार्य अत्र्यांच्या ‘नवयुग वाचनमाले’सारख्या खासगी वाचनमाला शाळांतून चालत. २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळ, म्हणजे ‘बालभारती’, स्थापन झाले. तेव्हापासून गडचिरोली आणि सिंधुदुर्ग येथील मुले एकच पुस्तक वाचू लागली. निकाल लागला की जुनी पुस्तके अर्ध्या किमतीत खालच्या वर्गातील मुलास विकावयाची, या पद्धतीवर दोन पिढ्या शिकल्या. मोफत पाठ्यपुस्तकांच्या योजनेनंतर ती देवघेव ओसरली.

कोसबाडच्या टेकडीवर

साधन कोणाच्या हाती असावे, या प्रश्नाचे सर्वांत विचारपूर्वक उत्तर महाराष्ट्रात दिले ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. बालशिक्षणात माँटेसोरी पद्धतीचा तेव्हा बोलबाला होता. मुलाने स्वतः हाताळून शिकावे हे तिचे तत्त्व. परंतु त्या हाताळणीसाठी लागणारी लाकडी साधने महाग आणि शहरी संस्थांनाच परवडणारी. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून आलेल्या ताराबाईंनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले, तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात नेण्यात आली, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द व ती कल्पना रूढ झाली. केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले.

१९५७ साली हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे, वारली पाड्यांच्या परिसरात गेले. येथील मुले गुरे राखीत. त्यांच्यासाठी शाळा कुरणावर भरविण्यात आली, ती कुरणशाळा. साधने म्हणून शिंपले, बिया, खडे, पाने, फुले, बांबूचे तुकडे आणि माती. मोजण्यासाठी चिंचोके, रंग ओळखण्यासाठी पाने, आकारांसाठी दगड. विलायती साधनामागील तत्त्व घेऊन वस्तू मात्र आवारातून वेचावयाची, ही यातील युक्ती होती. वस्तू हरवली तर दुसरी वेचता येई. कुलूप लावावे असे त्यात काहीच नव्हते. वर्ध्याच्या १९३७ च्या परिषदेतून निघालेल्या नई तालीमने टकळी मुलांच्या हाती दिली होती. तो प्रयोग सरकारी शाळांत बव्हंशी सुताच्या मोजमापापुरता उरला. कोसबाडचे काम टिकले, कारण ते मुलांच्या रोजच्या दिनक्रमात बसले होते.

ऐकणे आणि बोलणे

रेडिओ आला तेव्हा साधन प्रथमच गावाबाहेरून बोलू लागले. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साह्याने केलेला प्रयोग शिक्षकांनी आणि पंचायत सदस्यांनी आजही अभ्यासावा असा आहे. शाळेसाठी नसून शेतकऱ्यांसाठी होता, तरी त्याचा धडा शाळेलाही लागू पडतो. महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे स्थापन करण्यात आली. दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम झाले. प्रत्येक मंडळात निमंत्रक असे. कार्यक्रम संपला की संच बंद करून चर्चा होई, आणि तिच्यातील प्रश्न व निर्णय केंद्राकडे पाठविले जात. टाटा समाजविज्ञान संस्थेने याचे मूल्यमापन करताना तीन प्रकारची गावे तपासली : श्रोतृमंडळ असलेली, केवळ रेडिओ असलेली आणि रेडिओही नसलेली. ज्ञानातील वाढ श्रोतृमंडळांच्या गावी ठळकपणे अधिक आढळली. केवळ रेडिओ असलेली गावे पुष्कळ मागे राहिली. संच दोन्हीकडे सारखाच होता. फरक त्या नंतरच्या चर्चेचा होता.

ही गोष्ट पुढील योजनांत पुरेशी ध्यानात ठेवली गेली असे दिसत नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. उपग्रहाद्वारे शिक्षणाचा पहिला मोठा प्रयोग १९७५-७६ मध्ये देशातील सहा राज्यांतील २४०० गावांत झाला; महाराष्ट्र त्यात नव्हता. १९८४ साली पुण्यात ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली आणि शालेय कार्यक्रम मराठीत तयार होऊ लागले. त्यांतील पुष्कळ कार्यक्रम चांगले होते. परंतु प्रसारणाची वेळ आणि शाळेचे वेळापत्रक यांचा मेळ बसावा, त्याच वेळी वीज असावी, आणि नंतर शिक्षकाने त्यावर मुलांशी बोलावे, या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी क्वचितच जुळत. २०१७ साली बालचित्रवाणी बंद झाली. त्यानंतर तीनच वर्षांनी राज्यातील प्रत्येक घरात शाळा पोचविण्याची वेळ आली, हा योगायोग पुरेसा बोलका आहे.

१९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर आलेली खडू-फळा मोहीम याहून साधी होती. प्रत्येक प्राथमिक शाळेत किमान दोन खोल्या, किमान दोन शिक्षक आणि आवश्यक साधने, एवढीच तिची मागणी. स्वातंत्र्यानंतर चाळीस वर्षांनी देशाला फळ्यासाठी मोहीम काढावी लागली, यातच पूर्वीची परिस्थिती कळून येते. संगणक तोवर येऊन पोचला होता : १९८४-८५ मध्ये केंद्राच्या ‘क्लास’ प्रकल्पाखाली देशातील २५० माध्यमिक शाळांत ब्रिटिश बनावटीचे बीबीसी मायक्रो संगणक बसविण्यात आले. शाळांतील संगणक खोल्यांचा शिष्टाचार पुढे सर्वत्र सारखाच झाला : खिडक्यांना पडदे, दाराला कुलूप, चपला बाहेर. धूळ आत येता कामा नये. दोनशे वर्षांपूर्वी जिच्यावर अक्षर उमटले, तीच धूळ आता वर्गाची शत्रू झाली.

कुलूपबंद वर्ग आणि उघड्या भिंती

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग नियमितपणे भरण्यास डिसेंबर २०२१ उजाडला. या काळात मोबाइल हेच वर्गाचे दार झाले. ‘असर’ या देशव्यापी ग्रामीण पाहणीनुसार शाळेत दाखल मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ६७.६ टक्क्यांवर गेले. वाढ मोठी होती. परंतु ज्या घरी फोन होता, तेथीलही एक-चतुर्थांशाहून अधिक मुलांना तो वापरावयास मिळत नव्हता. फोन वडिलांबरोबर कामावर जाई, किंवा मोठ्या भावाकडे असे. साधन घरात असणे आणि मुलाच्या हाती असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या आकड्यांत उघड दिसते.

सह्याद्री वाहिनीवरील ‘टिलीमिली’ मालिकेने पहिली ते आठवीच्या मुलांना आधार दिला. त्याच वेळी अनेक शिक्षक पडद्याची वाट न पाहता बाहेर पडले. सोलापूरच्या नीलमनगर भागात शिक्षकांनी घरांच्या बाहेरील भिंतींवर धडे रंगविले. मुले अंतर ठेवून गल्लीत उभी राहत आणि वाचीत. पालघर जिल्ह्यातील दांडवळ येथे ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकविण्यात आले, मुले झाडाखाली बसून ऐकत आणि स्वयंसेवक त्यांच्यात फिरत. १९५६ च्या श्रोतृमंडळांशी या वर्गाचे नाते जवळचे होते.

यापूर्वीच सातारा तालुक्यातील कुमठे बीटातील शाळांनी एक वेगळी वाट दाखविली होती. ज्ञानरचनावादी म्हणून ओळखल्या गेलेल्या या वर्गांत मुले बाकांऐवजी जमिनीवर गटागटाने बसत, फरशीवर खडूने लिहीत, खडे, काड्या आणि बाटल्यांची झाकणे मांडून संख्या समजून घेत. राज्यभरातील शिक्षक हे वर्ग पाहावयास गेले आणि २०१५ च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमाच्या काळात त्याचा बराच प्रसार झाला. काही ठिकाणी या प्रसारात मर्म हरवले. ठेकेदाराकडून फरशी रंगवून घेतली गेली. मुलांनी लिहावयाची जागा पाहावयाची झाली.

पडद्याचेही तसेच आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकातील धड्यास क्यूआर कोड जोडून मुलांना कविता, ध्वनी आणि प्रश्न उपलब्ध करून दिले. पुढे पाठ्यपुस्तकांतही असे कोड छापले जाऊ लागले, आणि २०२० साली त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. ते शाळेत रुजू झाले तेव्हा गुरांचा गोठा आणि साठवणीची खोली यांच्या मधली एक पडकी खोली हीच शाळा होती. तेथे तंत्र यशस्वी झाले, कारण ते वापरणाऱ्या शिक्षकाने त्या मुलांसाठी, त्यांच्या भाषेत ते घडविले.

जडसंग्रहाचा प्रश्न

हे सारे माहीत असूनही कपाटे कुलूपबंद का राहतात? उत्तर शिक्षकाच्या आळसात शोधण्याची सवय आहे. ते बव्हंशी नोंदवहीत आहे. खडूची पेटी उपभोग्य वस्तू म्हणून खर्ची पडते. ती संपली याचा अर्थ ती वापरली गेली. टॅब, प्रोजेक्टर किंवा विज्ञानपेटी ही मात्र जडवस्तू. भिंग फुटले, पडद्यास तडा गेला, तर मुख्याध्यापकास लेखी खुलासा करावा लागतो, वसुलीची धास्ती असते, आणि निर्लेखनाचा प्रस्ताव पंचायत समितीकडून परत येईपर्यंत त्यांची बदली झालेली असते. तपासणीच्या दिवशी सर्व वस्तू अखंड दाखविता याव्यात, यासाठी त्या न वापरणे हाच सर्वांत सुरक्षित मार्ग ठरतो. नवी कोरी विज्ञानपेटी ही लेखापरीक्षणाच्या दृष्टीने आदर्श, आणि शिक्षणाच्या दृष्टीने वाया गेलेली रक्कम असते.

विजेचेही असेच. साहित्य योजनेतून येते, देयक शाळेच्या तुटपुंज्या अनुदानातून द्यावे लागते. थकबाकीमुळे शाळांची वीज तोडल्याच्या घटना अनेक जिल्ह्यांत घडल्या आहेत. लोकवर्गणीतून डिजिटल वर्ग उभारणाऱ्या ग्रामपंचायतींनी पहिल्या दिवशी उद्घाटनाचा खर्च धरला. तिसऱ्या वर्षी दिवा बदलण्याचा आणि बॅटरीचा खर्च फार थोड्यांनी धरला.

शिक्षणहक्क अधिनियमानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात, आणि शाळा विकास आराखडा करण्याचे काम त्यांच्याकडे आहे. या समितीच्या बैठकीत साहित्य मिळाले काय, हा प्रश्न नेमाने विचारला जातो. त्याबरोबर कपाटाची किल्ली कोणाकडे असते, आठवड्यातून किती तास ते उघडे असते, आणि या वर्षी वापरामुळे काय काय मोडले, हेही विचारावयास हवे. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी मुलांच्या हाताळणीत तुटलेल्या वस्तूंसाठी वर्षातून एकदा केंद्रनिहाय निर्लेखनाचा दिवस ठरवून दिला, तर मुख्याध्यापकांची धास्ती पुष्कळ कमी होईल. त्या दिवशी ज्या शाळेकडे मोडलेले दाखविण्यासारखे काहीच निघणार नाही, त्या शाळेला भेट देण्याचा क्रम मग पहिला लावता येईल.